गिरणी बंद पडल्यावर: कॅनडातील छोट्या गावांच्या अर्थकारणाचा आढावा

उत्तर ओंटारियोत, मत्तागामी नदीच्या काठी स्मूथ रॉक फॉल्स नावाचे गाव आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथे कागदाच्या लगद्याची गिरणी उभी राहिली आणि तिच्याभोवती गाव वाढत गेले. २००६ मध्ये गिरणीला कुलूप लागले. घरे रिकामी होऊ लागली, शिकायला बाहेर पडलेली मुले परत येईनाशी झाली. अखेर २०१७ मध्ये पालिकेने जाहीर केले की गावातले भूखंड बाजारभावावर ९० टक्क्यांपर्यंत सूट देऊन विकू आणि घर बांधणाऱ्याला मालमत्ता करातही सवलत देऊ. बातमी देशभर गाजली. पण जंगल, नदी, महामार्ग, शाळा, नळाचे पाणी असे सगळे असलेल्या गावावर स्वतःची जमीन कवडीमोलाने देण्याची पाळी का यावी, हा प्रश्न त्या बातमीखाली दबून गेला.

हा प्रश्न एका गावाचा नाही. २०२१ च्या जनगणनेत कॅनडाच्या ग्रामीण भागात सुमारे ६६ लाख माणसे राहत होती, म्हणजे लोकसंख्येच्या १७.८ टक्के. २०१६ ते २०२१ या पाच वर्षांत शहरी लोकसंख्या ६.३ टक्क्यांनी वाढली, तर ग्रामीण जेमतेम ०.४ टक्क्यांनी. आणि तरीही देशाच्या निर्यातीत मोठा वाटा असलेले गहू, कॅनोला, डाळी, लाकूड, पोटॅश, मासळी हे सगळे याच पट्ट्यातून निघते. संपत्ती जिथे जन्मते तिथे ती थांबत नाही, हे या गावांचे मूळ दुखणे. ते कसे जडले, त्यावर कोणते उपचार झाले आणि कोणते लागू पडले, याचा हा आढावा आहे.

गव्हाची गावे

प्रेअरी म्हणजे मॅनिटोबा, सॅस्कॅचेवान आणि आल्बर्टा या तीन प्रांतांतला गवताळ सपाट मुलूख. इथली गावे रेल्वेने जन्माला घातली. १८७० च्या दशकात सरकारने आदिवासी राष्ट्रांशी क्रमांकित करार केले आणि त्यांना राखीव क्षेत्रांत कोंडले. १८७२ च्या जमीन कायद्याने वसाहतकऱ्याला १० डॉलर शुल्कात १६० एकर मिळू लागले. १८८५ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे पूर्ण झाली. घोडागाडीत धान्य भरून शेतकऱ्याला एका दिवसात जाऊन परतता यावे, अशा बेताने रुळांवर दर सात-दहा मैलांना स्थानक पडले. स्थानक तिथे धान्याचे एलिव्हेटर, आणि एलिव्हेटर तिथे गाव.

हे एलिव्हेटर म्हणजे लाकडाचा उंच, अरुंद मनोरा. शेतकरी उतारावरून गाडी आत घेई, गाडीसकट वजन होई, मग धान्य खालच्या खड्ड्यात ओतले जाई. एजंट मूठभर नमुना चाळून त्यात तणाचे बी किती, ओल किती ते पाहून प्रत ठरवी आणि कचऱ्याची तूट वजा करी. खड्ड्यातले धान्य पट्ट्याला लावलेल्या वाट्यांतून मनोऱ्याच्या टोकाला चढे, तिथून नळीने त्या त्या कप्प्यात पडे आणि आगगाडी आली की आपल्याच वजनाने डब्यात उतरे. या एका व्यवहारावर सबंध गाव उभे असे. हातात पैसे आलेला शेतकरी त्याच फेरीत किराणा घेई, लोहाराकडे फाळ देई, डॉक्टरला भेटे, पोस्टात पत्र टाकी. १९३० च्या दशकात पश्चिम कॅनडात असे ५,७०० हून अधिक एलिव्हेटर होते. १९३१ मध्ये सॅस्कॅचेवान लोकसंख्येने देशातला तिसरा प्रांत होता.

उतरण दोन बाजूंनी लागली. पहिली शेतातूनच. ट्रॅक्टर मोठे झाले, शेते मोठी झाली, शेतकरी कमी झाले. १९३६ मध्ये सॅस्कॅचेवानमध्ये सुमारे १,४२,००० शेते होती, २०२१ मध्ये सुमारे ३४,००० उरली. पिकाखालची जमीन फारशी घटली नाही. तिच्यावर जगणारी कुटुंबे मात्र चौथ्या हिश्श्यावर आली. दुसरा फटका वाहतुकीचा. १८९७ च्या क्रोज नेस्ट करारापासून धान्याच्या रेल्वेभाड्याला सरकारी लगाम होता. १९९५ मध्ये त्या सवलतीचा शेवटचा अवशेषही संपला. भाडे वाढले, रेल्वे कंपन्यांनी शाखामार्ग उखडले आणि धान्य कंपन्यांनी गावोगावचे लाकडी मनोरे पाडून शंभर-शंभर डबे एका दमात भरणारी काँक्रीटची मोजकी केंद्रे बांधली. शेतकरी आता गावाला वळसा घालून ट्रकने दूरच्या केंद्रावर जाऊ लागला. मनोऱ्याबरोबर गावाचा करही गेला, कारण पुष्कळ ठिकाणी एलिव्हेटर हाच पालिकेचा मोठा करदाता होता.

इथे हे मान्य केले पाहिजे की काँक्रीटचे केंद्र धान्य स्वस्तात हलवते आणि मोठे शेत एकरी खर्च कमी करते. शेतकऱ्याच्या चुकीने किंवा आळसाने ही गावे ओस पडली नाहीत. प्रत्येकाने आपापल्या हिशेबाने शहाणपणाचे केले आणि सगळ्यांच्या शहाणपणाची बेरीज गावाच्या मुळावर आली. म्हणूनच याला केवळ बाजाराचा न्याय म्हणून सोडून देता येत नाही.

एका मालकाची गावे

खाणीची आणि गिरणीची गावे याहून नाजूक. तिथे घरे, दुकान, कधी दवाखानाही कंपनीचा, आणि कंपनीचा निर्णय दूरच्या शहरात. सॅस्कॅचेवानच्या उत्तर टोकाला युरेनियम सिटी होते. १९८१ च्या डिसेंबरमध्ये एल्डोरॅडो न्यूक्लिअर या सरकारी कंपनीने खाण बंद करण्याची घोषणा केली, पुढच्या उन्हाळ्यात ती बंद झाली आणि हजारोंच्या वस्तीतून शंभरेक माणसे उरली. ब्रिटिश कोलंबियातले किटसॉल्ट मॉलिब्डेनमच्या खाणीसाठी नवेकोरे बांधले गेले: घरे, दवाखाना, जलतरण तलाव. धातूचा भाव कोसळला आणि १९८२ मध्ये सारे गाव रिकामे झाले. पुढे ते अख्खे गाव भारतात जन्मलेले उद्योजक कृष्णन सुथंथिरन यांनी विकत घेतले. रस्त्यांची आणि घरांची निगा राखली गेली, पण माणसांना तिथे राहायचे कारण उरले नव्हते. इमारती टिकल्या म्हणजे गाव टिकत नाही, याचा इतका उघड दाखला दुसरा नसेल.

ओंटारियोतले एलियट लेक वेगळ्या वाटेने गेले. युरेनियमच्या खाणी १९९० पासून बंद होऊ लागल्या आणि १९९६ पर्यंत संपल्या. खाण कंपन्यांनी बांधलेली घरे एका ना-नफा संस्थेकडे आली आणि ती निवृत्त लोकांना स्वस्त भाड्याने देण्याची योजना आखली गेली. टोरंटोचे भाडे न परवडणारे वृद्ध तलावाकाठी येऊन राहिले आणि त्यांच्या पेन्शनवर दुकाने, औषधालये, दवाखाने चालू राहिले. पेन्शन हा भक्कम पाया असतो, कारण युरेनियमचा भाव पडला म्हणून ती थांबत नाही. पण वृद्धांच्या गावाला डॉक्टर जास्त लागतात आणि कर भरणारे तरुण हात कमी मिळतात. तिथल्या एकुलत्या एका मॉलमध्ये दुकानांबरोबर हॉटेल, ग्रंथालय, सरकारी कचेऱ्याही होत्या. छतावर वाहनतळ होता आणि ते छत वर्षानुवर्षे गळत होते. २३ जून २०१२ रोजी ते कोसळले आणि दोन स्त्रियांचा बळी गेला. चौकशी आयोगाने दाखवून दिले की लोखंड गंजत होते हे दिसत असूनही अनेकांनी डोळेझाक केली. जिथे सगळे एकाच छताखाली असते, तिथे त्या छताविषयी खडसावून बोलणे कोणालाच परवडत नाही. छोट्या गावाच्या अर्थकारणाची ही जीवघेणी बाजू आहे.

मासळी गेली तेव्हा

न्यूफाउंडलंडची किनारी खेडी शेकडो वर्षे कॉड माशावर जगली. १९४९ मध्ये हा प्रदेश कॅनडात आला आणि १९५४ पासून पुनर्वसनाची धोरणे सुरू झाली. विखुरलेल्या खेड्यांना वीज, शाळा, रस्ते देणे परवडत नाही, तेव्हा लोकांनीच मोठ्या केंद्रांत यावे, असा युक्तिवाद होता. १९७५ पर्यंत सुमारे ३०० वस्त्यांतली ३०,००० च्या आसपास माणसे हलवली गेली. काहींनी घरेच पाण्यावर तरंगवत नेली.

फोगो बेटावरही हीच वेळ येऊ घातली होती. १९६७ मध्ये मेमोरिअल विद्यापीठाच्या विस्तार विभागाचे डॉन स्नोडन आणि नॅशनल फिल्म बोर्डाचे दिग्दर्शक कॉलिन लो तिथे पोचले. लो यांनी दोन डझनांहून अधिक छोटे चित्रपट काढले: कोळी बोटीविषयी बोलतो आहे, कोणी कर्जाविषयी, कोणी मुलांच्या शाळेविषयी. मग हे चित्रपट बेटावरच्या गावागावांत दाखवले. गावे पंथांनुसार विभागलेली, एकमेकांशी फारसे बोलणे नाही. पडद्यावर शेजारच्या गावचा माणूस आपलेच गाऱ्हाणे मांडतो आहे हे पाहिल्यावर बोलणे सुरू झाले. तेच चित्रपट प्रांताच्या मंत्र्यांनाही दाखवले गेले. बेटकऱ्यांनी हलायचे नाकारले, सहकारी संस्था काढली, मोठ्या बोटी बांधल्या, मासळीवर प्रक्रिया आपल्या हाती घेतली.

या संस्थेची खरी परीक्षा २ जुलै १९९२ रोजी झाली. केंद्रीय मत्स्यमंत्री जॉन क्रॉस्बी यांनी उत्तरेकडच्या कॉडच्या मासेमारीवर बंदी घातली. परदेशी आणि देशी मोठ्या जहाजांनी दशकानुदशके उपसलेल्या समुद्रात मासाच उरला नव्हता. एका दिवसात ३०,००० च्या वर लोकांचा रोजगार गेला. तोवरच्या कॅनडाच्या इतिहासात एवढी मोठी कपात झाली नव्हती. किनाऱ्यावरचे कित्येक खासगी कारखाने बंद पडले. फोगोची सहकारी संस्था खेकडा आणि कोळंबीकडे वळली आणि तगली. संस्था सभासदांची होती, म्हणून गाशा गुंडाळून दुसरीकडे जाण्याचा पर्याय तिच्यापुढे नव्हताच. बंदी अखेर २०२४ मध्ये उठली, पण पहिल्यासारखा कॉड परतलेला नाही.

पाहुण्यांवर जगणे

गावाचा जुना धंदा गेला की पहिला सल्ला मिळतो तो पर्यटनाचा. व्हँकूव्हर बेटावरच्या शमेनस गावात १८६० च्या दशकापासून लाकूड कापले जात होते. १९८३ मध्ये जुनी गिरणी बंद झाली. त्याच्या आदल्याच वर्षी कार्ल शुट्झ या स्थानिक व्यावसायिकाच्या आग्रहाने गावाने भिंतींवर स्वतःचा इतिहास रंगवायला घेतला होता: लाकूडतोडे, बैलजोड्या, आगगाड्या, चिनी कामगार. रुमेनियातल्या मठांच्या रंगवलेल्या भिंती पाहून शुट्झ यांना ही कल्पना सुचली होती. आज अशी चाळीसहून अधिक भित्तिचित्रे आहेत, नाट्यगृह आहे, प्रवासी येतात. पुढे नवी गिरणीही आली, पण बरीच कमी माणसे घेऊन.

आल्बर्टातले व्हल्कन हे गहू पिकवणारे गाव. रेल्वेच्या सर्वेक्षकाने त्याला रोमन अग्निदेवतेचे नाव दिले होते. ‘स्टार ट्रेक’ या मालिकेतल्या एका ग्रहाचे नावही तेच, म्हणून गावाने १९९५ मध्ये अंतराळयानाची प्रतिकृती उभारली. २०१० मध्ये त्या ग्रहाच्या स्पॉकची भूमिका करणारे लिओनार्ड निमॉय स्वतः येऊन गेले. ज्या गावात एके काळी नऊ एलिव्हेटर रांगेने उभे होते, तिथे आता चाहत्यांचे मेळावे भरतात. परिसरातल्या शेतजमिनीवर ट्रॅव्हर्स हा ४६५ मेगावॅटचा सौर प्रकल्पही उभा राहिला आहे.

या गावांच्या जिद्दीचे मोल मोठे आहे. पण पर्यटनाचा रोजगार बहुतांश उन्हाळ्यापुरता आणि कमी पगाराचा असतो. गिरणीतला कामगार ज्या मजुरीत घर घेई आणि मुलांना विद्यापीठात पाठवी, ती मजुरी कॉफीच्या दुकानात मिळत नाही. पाहुण्यांचे उत्पन्न दुसऱ्या धंद्याला जोड म्हणून चांगले. एकट्यावर गाव पेलायला ते अपुरे पडते.

फोगोने या मर्यादेवर वेगळा उतारा काढला. बेटावर जन्मलेल्या झिटा कॉब फायबर ऑप्टिक्सच्या उद्योगात मोठ्या झाल्या, निवृत्त होऊन परतल्या आणि भावांसह शोरफास्ट ही संस्था त्यांनी उभारली. २०१३ मध्ये २९ खोल्यांचे फोगो आयलंड इन सुरू झाले. ते महागडे आहे, पण त्याचा नफा कोणा भागधारकाला जात नाही; तो बेटाच्या कामांत परत लागतो. पलंग, खुर्च्या, गोधड्या बेटावरच्याच कारागिरांनी केल्या. त्यातली खास नोंद घेण्याजोगी गोष्ट म्हणजे एक छोटे कोष्टक. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर पोषणमूल्ये छापतात तसे हे इन आपल्या दराचे कोष्टक छापते: पाहुण्याच्या पैशातले किती मजुरीला, किती अन्नाला, किती शिलकीत, आणि त्यातले किती बेटावर राहिले, किती प्रांतात, किती बाहेर गेले. प्रत्येक पर्यटनस्थळाने एवढे छापायचे ठरवले तर ‘विकास’ या नावाखाली चाललेले बरेच काही एका नजरेत कळेल.

तरीही फोगोची लोकसंख्या २०१६ मध्ये २,२४४ होती, ती २०२१ मध्ये २,११७ झाली. उद्योग आला म्हणून जन्मदर वाढत नाही आणि शाळा सोडलेली सगळीच मुले परतत नाहीत. शिवाय एका संपन्न, जिव्हाळ्याच्या व्यक्तीचे भांडवल आणि सरकारी मदत यांवर उभी राहिलेली ही वाट प्रत्येक गावाला मिळणार नाही.

माणसे आणणे

मॅनिटोबाच्या दक्षिणेला मॉर्डन, विंकलर, आल्टोना ही गावे जवळजवळ आहेत आणि ती वाढत आहेत. १९९८ मध्ये मॅनिटोबाने प्रांताला स्वतः स्थलांतरित निवडू देणारी योजना सुरू केली, आणि विंकलरच्या कारखान्यांनी तिचा लाभ घेत मेनोनाइट पंथाची, पूर्वी रशियन मुलखात राहिलेली जर्मन कुटुंबे बोलावली. १८७० च्या दशकात इथे वसलेले लोकही मेनोनाइटच होते, त्यामुळे येणाऱ्याला चर्च, भाषा, ओळखीपाळखी तयार मिळाल्या. मॉर्डनने पुढे पालिकेच्या पातळीवर स्वतःची योजना चालवली.

हाच विचार पुढे नेत केंद्र सरकारने २०१९ मध्ये ग्रामीण व उत्तरी स्थलांतर प्रायोगिक योजना आणली. आल्टोना परिसरासह ११ ठिकाणे निवडली गेली. त्यात स्थानिक समितीच अर्जदाराची शिफारस करी: नोकरी कुठे आहे, हा माणूस इथे रमेल का, हे गावच ठरवी. योजना २०२४ मध्ये संपली आणि २०२५ मध्ये १४ ठिकाणांसाठी नवी योजना आली. भारतातून गेलेली पुष्कळ मंडळी अशाच वाटांनी छोट्या गावांतल्या वृद्धाश्रमांत, हॉटेलांत, पेट्रोल पंपांवर आणि वर्कशॉपमध्ये काम करताना दिसतात.

याच्या उलट टोकाला हंगामी मजुरांची पद्धत आहे. १९६६ पासून जमैकातून आणि १९७४ पासून मेक्सिकोतून शेतमजूर येतात. ओंटारियोतले लेमिंग्टन टोमॅटोसाठी प्रसिद्ध. तिथला १९०९ पासूनचा कारखाना हाइन्झने २०१४ मध्ये सोडला, पण काचघरांतली शेती फोफावली आणि ती परदेशी मजुरांवर चालते. या मजुराचा परवाना एकाच मालकाशी बांधलेला असतो. मालकाविरुद्ध तोंड उघडले तर काम जाते आणि कामाबरोबर देशही. आधुनिक गुलामगिरीचा अभ्यास करणारे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक तोमोया ओबोकाता यांनी या व्यवस्थेवर कठोर ताशेरे ओढले आहेत, आणि ते योग्यच आहेत. कष्ट गावाचे, कर गावाचे, पण राहण्याचा हक्क नाही, असा माणूस त्या गावाचा नागरिक कसा होणार? गावाला माणसे हवी असतील तर ती स्थायिक होण्यासाठी यायला हवीत, वर्षानुवर्षे परत पाठवण्यासाठी नव्हे.

डाळीचे गाव, आपले ताट

प्रेअरीच्या अर्थकारणाचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. १९७० च्या दशकात सॅस्कॅचेवान विद्यापीठात अल् स्लिंकार्ड यांनी मसुराच्या वाणांवर काम केले आणि १९७८ मध्ये ‘लेअर्ड’ हे वाण आले. मसूर जमिनीत नत्र धरतो, त्यामुळे आलटून-पालटून पडीक ठेवाव्या लागणाऱ्या जमिनीत पीक घेता येऊ लागले. आज मसूर आणि वाळलेला वाटाणा यांच्या निर्यातीत कॅनडा जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. त्याच प्रांतातल्या डेव्हिडसन या छोट्या गावात वाढलेले मुराद अल-कातिब यांनी २००१ मध्ये डाळ सोलून-भरडून निर्यात करणारी कंपनी सुरू केली, ती या व्यापारातल्या मोठ्या कंपन्यांत गणली जाते. कच्चा माल जसाच्या तसा न पाठवता प्रक्रिया जवळ केली तर रोजगारही जवळ राहतो, हा त्यातला धडा.

या मसुराचा आणि मुंबईच्या रगड्यात शिजणाऱ्या वाटाण्याचा मोठा भाग न्हावा-शेवा आणि मुंबई बंदरांत उतरत आला आहे. २०१७ च्या अखेरीस भारताने वाटाण्यावर ५० टक्के आणि मसूर-हरभऱ्यावर ३० टक्के आयात शुल्क लावले, तेव्हा सॅस्कॅचेवानच्या शेतकऱ्याचा भाव पडला. २०२३ च्या डिसेंबरमध्ये वाटाणा शुल्कमुक्त झाला, तेव्हा स्वस्त आयातीने मराठवाडा-विदर्भातल्या तूर आणि हरभरा पिकवणाऱ्याच्या भावावर दाब आला. नोव्हेंबर २०२५ पासून पुन्हा ३० टक्के शुल्क लागले. दोन्ही टोकांचे शेतकरी पेरणी करतात तेव्हा काढणीच्या वेळी कोणते शुल्क असेल हे त्यांना ठाऊक नसते. हा निर्णय दिल्लीत होतो आणि त्याचा जमाखर्च डेव्हिडसनलाही चुकत नाही आणि लातूरलाही.

सहकाराची ताकद आणि घसरण

कॅनडाच्या ग्रामीण भागाने स्वतःसाठी शोधलेले सर्वांत टिकाऊ साधन म्हणजे सहकार. क्वेबेकमध्ये अल्फोन्स देजार्दां यांनी १९०० मध्ये लेव्ही गावात पहिली लोकपेढी स्थापन केली. १९०१ च्या जानेवारीत पहिल्या दिवशी तिथे २६ डॉलर ४० सेंट जमा झाले, पहिली ठेव १० सेंटची होती. आज तो उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा सहकारी वित्तसमूह आहे. नोव्हा स्कोशियात सेंट फ्रान्सिस झेविअर विद्यापीठाच्या विस्तार विभागातून १९२८ पासून मोझेस कोडी या धर्मगुरूंनी कोळी, खाणकामगार आणि शेतकऱ्यांची अभ्यासमंडळे चालवली. आधी हिशेब शिकायचा, मग पतपेढी, मग दुकान, मग कारखाना, असा तो क्रम होता. आल्टोनात १९३१ मध्ये ग्राहक सहकारी संस्था आली आणि चाळीसच्या दशकात सूर्यफुलाचे तेल काढणारा सहकारी कारखाना. तो कारखाना नंतर सहकारातून बाहेर गेला, पण गावात शिकलेली सवय टिकली. तिथलीच फ्रीझन्स ही नामवंत पुस्तक-छपाई कंपनी तिच्या कामगारांच्या मालकीची आहे. पश्चिम कॅनडात आजही दीडशेच्या आसपास स्थानिक सहकारी संस्था पेट्रोल, किराणा, खत, लोखंडी सामान विकतात आणि वर्षाअखेरीस खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परतावा देतात.

पण सहकार हा शब्द पाटीवर असला म्हणजे झाले, असे नाही. सॅस्कॅचेवान व्हीट पूल १९२० च्या दशकात शेतकऱ्यांनी उभारली आणि प्रांतभर तिचे एलिव्हेटर झाले. १९९६ मध्ये भांडवलासाठी ती शेअर बाजारात उतरली. कर्जे वाढली, गावोगावचे मनोरे पाडले गेले, सभासदांचा शब्द मागे पडला. २००७ मध्ये ती विलीनीकरणातून व्हिटेरा झाली, २०१२ मध्ये ग्लेनकोर या बहुराष्ट्रीय कंपनीकडे आणि २०२५ मध्ये बुंगे या बहुराष्ट्रीय धान्यसमूहात गेली. तीन पिढ्यांनी घडवलेले ते घर दोन दशकांत परक्यांच्या हाती गेले. मालकी कागदावर सामुदायिक असून भागत नाही. सभासदाला दरवर्षी प्रश्न विचारता आला पाहिजे आणि त्याचे उत्तर मिळाले पाहिजे.

आदिवासी राष्ट्रांनी मालकीचा हा मुद्दा सर्वांत स्पष्ट मांडला आहे. ब्रिटिश कोलंबियातल्या ओसोयूस इंडियन बँडने चीफ क्लॅरेन्स लुई यांच्या नेतृत्वाखाली द्राक्षमळे, वाइनरी, गोल्फ मैदान, विश्रामगृहे असे उद्योग आपल्या जमिनीवर उभे केले आणि आसपासच्या गोऱ्या वस्तीलाही रोजगार दिला. ज्यांची जमीन घेऊन ही गावे वसली, त्यांनाच स्थानिक अर्थकारणाची किल्ली पुन्हा सापडावी, हे न्यायाचे आहे.

दवाखाना, बस, पोस्ट

गावाचा जीव केवळ कारखान्यात नसतो. याच ग्रामीण सॅस्कॅचेवानने कॅनडाला सार्वजनिक आरोग्यसेवा दिली. खेड्यांनी वर्गणी करून डॉक्टर नेमले, १९४६ मध्ये स्विफ्ट करंट परिसराने सर्वांसाठी आरोग्यविमा चालवून दाखवला आणि १९६२ मध्ये प्रांताचे माजी मुख्यमंत्री टॉमी डग्लस यांच्या पक्षाच्या सरकारने तो प्रांतभर आणला. त्याच प्रांतात १९९३ मध्ये खर्चकपातीत ५२ छोटी ग्रामीण रुग्णालये बंद झाली किंवा साधी आरोग्यकेंद्रे झाली. १९४६ पासून धावणारी सरकारी बससेवा ३१ मे २०१७ रोजी थांबली. पुढच्या वर्षी ग्रेहाउंड या खासगी बस कंपनीनेही पश्चिम कॅनडा सोडला. गाडी न चालवू शकणाऱ्या म्हाताऱ्याला, केमोथेरपीसाठी शहर गाठणाऱ्या बाईला ही कपात कशी लागली असेल, ते ताळेबंदात दिसत नाही. ग्रामीण पोस्ट कचेऱ्या बंद करण्यावर १९९४ पासून स्थगिती होती, तीही उठवण्याचे केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केले.

पालिकांची कुवत इथे तोकडी पडते. कॅनडात त्यांचे उत्पन्न मुख्यतः मालमत्ता करातून येते. खाणीची रॉयल्टी, जंगलाचे शुल्क, आयकर, विक्रीकर हे प्रांत आणि केंद्राकडे. म्हणजे गाव भरभराटीत असते तेव्हा त्याचे उत्पन्न वरच्या सरकारांकडे जाते आणि गाव मोडते तेव्हा गटारे, रस्ते, पाण्याच्या टाक्या सांभाळायला तेच एकटे उरते.

वाटा मागण्याचा धडा

यावर एक उत्तर ब्रिटिश कोलंबियाच्या कूटने भागात सापडते. कोलंबिया नदीच्या करारानुसार १९६० च्या दशकापासून तिथे मोठी धरणे झाली. खोरी बुडाली, दोन हजारांवर माणसे विस्थापित झाली, आणि वीज व पूरनियंत्रणाचा लाभ दूर गेला. लोकांना विचारलेही नव्हते. त्यांनी तीस वर्षांनी संघटित होऊन भरपाईबरोबरच कायमचा वाटा मागितला. १९९५ मध्ये कोलंबिया बेसिन ट्रस्ट स्थापन झाला. त्याने वीजप्रकल्पांत गुंतवणूक केली आणि त्या उत्पन्नातून खोऱ्यातल्या छोट्या गावांना घरे, ब्रॉडबँड, बालवाड्या, छोटे उद्योग यांसाठी दरवर्षी पैसा मिळतो.

या सगळ्या गावांकडे एकत्र पाहिले तर दिसते की कोणते पीक, कोणता धातू, कोणता मासा यावर त्यांचे भवितव्य फारसे ठरले नाही. ते सगळे कधी ना कधी पडलेच. टिकाव धरला तो अशा ठिकाणी, जिथे निर्णय घेणारा माणूस त्याच गावात राहत होता आणि शिल्लक त्याच गावात खर्च होत होती. म्हणून प्रांत आणि केंद्राने निसर्गसंपत्तीच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा उगमाच्या गावांना कायद्याने द्यावा, येणाऱ्या माणसाला स्थायिक होण्याचा हक्क द्यावा, आणि दवाखाना, बस, पोस्ट यांची गणना खर्चात न करता पायाभूत गुंतवणुकीत करावी. हे दान नव्हे. ज्या गावांनी देशाला गहू, लाकूड, वीज आणि आरोग्यसेवेची कल्पनाही दिली, त्यांचे ते थकलेले देणे आहे.